सेवेचे तास

शिंचूला वाऱ्याचं गाव म्हणतात. तैवानच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे शहर. ऑक्टोबर लागला की ईशान्येकडून वारा सुरू होतो आणि होळीपर्यंत दम घेत नाही. इथल्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवया याच वाऱ्यावर वाळवतात, त्यामुळे गावकऱ्यांची त्याच्याबद्दल तक्रार नसते. माझी होती. नवरा त्सिंगहुआ विद्यापीठात पोस्टडॉक करत होता आणि मी त्याच्या मागोमाग गेलेली. सात वर्षं कॉलेजात शिकवल्यावर एकाएकी दिवसभर घरात बसायचं, संध्याकाळी कचऱ्याची गाडी धून वाजवत आली की पिशवी घेऊन खाली पळायचं आणि शेजारणींकडे बघून हसायचं, एवढाच काय तो माझा लोकसंपर्क.

२०१८ च्या त्या ऑक्टोबरात क्वांगफू रोडच्या सिग्नलला मी सायकल थांबवून उभी होते. तिथे सिग्नलवर आकडे उलटे पळतात, किती सेकंद थांबायचं ते दिसतं. शेजारी आणखी दोन सायकली येऊन थांबल्या. दोन गोऱ्या मुली, डोक्यावर हेल्मेट, अंगात घोट्याच्या जरा वर येणारे स्कर्ट. त्यातल्या उंच मुलीनं वाऱ्यानं उडू नये म्हणून स्कर्टचा घोळ पायांमध्ये ओढून त्याला कागदांना लावतात ती काळी क्लिप मारली होती. तिनं चिनीत विचारलं, कुठल्या देशाच्या? मी चिनीत सांगितलं, भारत. इथे येऊन किती दिवस झाले? चार महिने. मला दोन, ती म्हणाली. तिथे आम्हा दोघींचंही चिनी संपलं. आकडा तेव्हा ४१ वर होता. आपल्याला इंग्रजीतही बोलता येईल, हे दोघींच्या एकदमच लक्षात आलं आणि आम्ही हेल्मेटं हलवून हसलो. हिरवा लागेस्तोवर तिनं माझा फोन नंबर घेतलेला होता.

नंतर कळलं, की हे त्यांचं रोजचंच. स्कूटरवाले, सायकलवाले सिग्नलला अडकलेले असतात, पळून जाऊ शकत नाहीत. साठ-सत्तर सेकंदांत नमस्कार, ओळख, देव आणि नंबर, एवढं सगळं बसवायचं.

दोघींच्याही छातीवर काळी पाटी होती, तिच्यावर पांढऱ्या चिनी अक्षरांत नाव. नाव म्हणजे आडनाव आणि पुढे 'च्ये-मेय'. च्ये म्हणजे ताई, मेय म्हणजे धाकटी बहीण. इंग्रजीत सिस्टर. पण सिस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली नर्स येते, आणि ही उंच मुलगी मुळी एकोणीस वर्षांची, आयडाहो राज्यातल्या बटाट्याच्या शेतावरची. तिचं नाव इथे देत नाही. मी तिला घरात 'आयडाहोवाली' म्हणायचे, तेच ठेवते. मुलगे असतील तर त्यांना इंग्रजीत एल्डर म्हणतात आणि चिनीत 'चांग-लाओ'. अर्थ वडीलधारा, पण अठरा वर्षांच्या, मिसरूडही धड न फुटलेल्या पोरांना. पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा माझ्या मराठी कानानं 'चांगला हो' असा ऐकला. मग रस्त्यात पांढरा शर्ट आणि टाय घालून सायकल मारणारी जोडी दिसली की मी मनातल्या मनात म्हणायचे, हो बाबांनो, चांगले व्हा.

या मुली एका अमेरिकन ख्रिस्ती पंथाच्या प्रचारक, मॉर्मन. हा शब्द मी पहिल्याच भेटीत वापरला आणि दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याच महिन्यात सॉल्ट लेक सिटीहून त्यांच्या चर्चच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं, की हे टोपणनाव आता सोडा, पूर्ण नाव घ्या: चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. चिनीत ते नाव दहा अक्षरांचं आहे. साठ सेकंदांच्या सिग्नलमध्ये आठ सेकंद त्यातच जायचे, अशी तिची तक्रार. समोरचा माणूस सगळं ऐकून घेऊन शेवटी म्हणायचा, "अच्छा, मोमन!"

मी फोनवर आईला हे सांगितलं. आई नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं), चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली, कशाला म्हणून घाबरत नाही. पण ती चटकन म्हणाली, "अगं, बाटवतील हो तुला. दार उघडत जाऊ नकोस." आणि लगेच, स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखं, "तशा चांगल्याच असतात म्हणा त्या पोरी."

आईचं हे दोन्ही बाजूंनी बोलणं नगरकराला नवीन नाही. आमच्या गावात मिशन हा शब्द शाळा, दवाखाना आणि भांडण या तिन्ही अर्थांनी येतो. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ पासून. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत उतरली. लग्न न झालेली, एकटी. त्या काळी एकट्या बाईला मिशननं असं समुद्रापार पाठवणं ही नवलाई होती. पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ मध्ये नगरलाच वारली. तिची शाळा जोतिरावांनी पाहिली होती आणि सावित्रीबाई तिच्याकडे शिकायला होत्या, हे आम्हाला शाळेत अभिमानानं सांगत. धर्मांतराचा विषय निघाला की तेच शिक्षक आवाज खाली आणत. अमेरिकन मराठी मिशनचा आणि मॉर्मनांचा तसा काही संबंध नाही, पंथच वेगळे. पण आयडाहोवाली दारात उभी राहिली तेव्हा माझ्या मनात फरारबाईच आली. तीही घरून निघाली तेव्हा कुणाची तरी मुलगीच असेल, मराठीत 'ळ' म्हणता येत नसेल आणि बायका पदराआड हसत असतील.

मॉर्मन लोक आपल्याकडेही येऊन गेलेले आहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. हा पंथ १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला आणि १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी मुंबईत हजर. पुढे तो पुण्यात गेला, छावणीच्या आसपास राहिला, मराठी शिकायला लागला. काही वर्षांत परतला. मागे फारसं काही उरलं नाही. आयडाहोवालीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "किती जणांचा बाप्तिस्मा झाला?" मी म्हटलं, बोटांवर मोजण्याइतक्या लोकांचा असेल. ती म्हणाली, "पुण्यासाठी वाईट नाही. माझे अजून शून्य आहेत."

घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी आपल्या सवयीनं चहा टाकला. आलं किसलं, वेलची कुटली. तैवानमध्ये दुधातला उकळलेला चहा करणं म्हणजे माझा रोजचा छोटासा बंडखोरपणा होता. कप पुढे ठेवले आणि दोघी अवघडून बसल्या. चहा चालत नाही. कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही, हे त्यांच्याकडे १८३३ पासून. दारू-तंबाखूचं समजू शकते, पण चहा? आपल्याकडे चहा नको म्हणणारा पाहुणा म्हणजे एक तर आजारी, नाहीतर रागावलेला. आणि या पोरींना पाठवलं कुठे, तर तैवानला. जिथे दर चौथं दुकान चहाचं, जिथे साबुदाण्यासारखे गोळे घातलेला दुधाचा चहा जन्माला आला, जिथे म्हातारे लोक पाहुणा आला की आधी छोट्या कपात चहा ओततात आणि मग बोलतात. रोज पाच-सहा वेळा नको म्हणावं लागतं, ती म्हणाली. धर्माला नको म्हणणाऱ्यांपेक्षा आम्हीच चहाला जास्त वेळा नको म्हणतो.

मग तिनं मला तोंगक्वा-छा दाखवला. छा म्हणजे चहा, पण त्यात चहाची पत्ती नसतेच. कोहळा साखरेत आटवून केलेलं गोड काळसर सरबत. तो चालतो. मी म्हटलं, थांबा, आमच्याकडेही असा एक आहे. बाजारात गवती चहाची जुडी मिळायची, ती आणली, आलं आणि गूळ घालून उकळला. दोघींनी फोन काढून खात्री केली की हे गवतच आहे, आणि मग तीन-तीन कप प्यायल्या. नावात चहा असून चालणारे चहा, अशी आमची यादी पुढे वाढत गेली.

त्यांचा दिवस मला हळूहळू कळत गेला. सकाळी साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, न्याहारी, मग शास्त्राभ्यास, मग दोघींनी मिळून अभ्यास, मग भाषेचा अभ्यास. त्यानंतर बाहेर पडायचं ते रात्री नऊपर्यंत. साडेदहाला दिवा बंद. मुलग्यांची मुदत दोन वर्षं, मुलींची दीड. पगार नाही. उलट खर्च आपलाच. अमेरिकेतल्या घरांनी त्या वेळी महिना ४०० डॉलर भरायचे, मूल पॅरिसला गेलेलं असो की पेरूला. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही. तिला मोठा पांढरा लिफाफा आला, सगळे नातेवाईक दिवाणखान्यात जमले आणि तिनं तो फोडून मोठ्यानं वाचला. तैवान कुठे आहे ते धाकट्या भावानं नकाशात शोधलं. मग यूटामधल्या प्रोव्हो इथे दोनेक महिने मँडरीन शिकून ती विमानात बसली. त्या वर्षी तिच्यासारखे सुमारे ६५ हजार जण जगभर असेच कुठे ना कुठे पाठवलेले होते.

सिनेमा नाही, बातम्या नाहीत, प्रेमाबिमाचं तर नावच नको. आठवड्यातून एक दिवस मोकळा, साधारण सोमवार. त्याला त्या पी-डे म्हणत. कपडे धुणं, बाजार, केस कापणं, घरी ईमेल. आणि चोवीस तास सोबतीणीबरोबर. ही अट मला सगळ्यात कठीण वाटली. स्वच्छतागृह सोडलं तर एकटं राहायचंच नाही. एका खोलीत झोपायचं, एकत्र जेवायचं, एकत्र रस्ता चुकायचं. सोबतीण निवडायची सोय नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात कोण वाट्याला येईल ते वरून ठरतं. मी म्हटलं, आमच्याकडे ठरवून लग्न करतात ते असंच. तिनं थोडा विचार केला आणि विचारलं, "तुमच्याकडेही सहा आठवड्यांनी बदली होते का?"

तिची तेव्हाची सोबतीण यूटाची होती, गंभीर, काटेकोर. तिच्या वहीत रकाने होते. किती नवीन माणसं भेटली, किती जणांना धडा दिला, रविवारी चर्चला कोण आलं, कुणाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरली. हे आकडे दर आठवड्याला वर जायचे. त्यातल्या एका रकान्यात मी आहे, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळलं आणि जरा लागलंच. नवरा म्हणाला, "अगं, सेल्सचंच ट्रेनिंग आहे ते. टार्गेट असणारच." त्याचं चूक नव्हतं. त्यांची काही वाक्यं पाठ केलेली वाटायची. डोळे जरा ओलसर करून, आवाज खाली आणून, 'तुम्हाला मनात काय जाणवतंय?' असं विचारलं की मला शिकवणीच्या जाहिरातीतल्या मुलांची आठवण यायची. एकोणीस वर्षांच्या मुलीनं मला मृत्यूनंतर काय होतं ते सांगावं, हेही जरा जास्तच होतं.

पण रस्त्यावरची ती वेगळी असायची. आमच्या इमारतीला खाली लोखंडी दार होतं आणि त्याशेजारी सगळ्या घरांची बटणं. एके दिवशी मी पाचव्या मजल्याच्या गॅलरीत कपडे काढत होते आणि खाली या दोघी. पहिलं बटण, उत्तर नाही. दुसरं, उत्तर नाही. तिसऱ्याला कुणीतरी बाई बोलली आणि मध्येच खाड्कन बंद. चौथ्या मजल्यावरचे आजोबा मात्र बोलले. आयडाहोवालीला त्यांना म्हणायचं होतं, तुम्हाला एक प्रश्न विचारू का? 'वन' या शब्दाचा स्वर खाली घसरवला तर विचारणं, खाली नेऊन वर उचलला तर चुंबन. तिनं वर उचलला. आजोबा क्षणभर गप्प. मग स्पीकरमधून त्यांचं खोकत खोकत हसणं पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. त्यांनी दार उघडलं नाही, पण पुढे ते या मुली दिसल्या की मान हलवून हसायचे.

लहानपणी आमच्या वाड्यात रामदासी यायचे, खणखणीत आवाजात श्लोक म्हणायचे. आजी ताटलीत पीठ घेऊन जायची. माझ्या पणजोबांनी पुण्यात माधुकरी मागून शिक्षण केलं, हे आमच्या घरात मोठ्या मानानं सांगितलं जातं. दारोदार जाणं आपल्याला नवं नाही. पण तिथे दारातला माणूस काहीतरी मागतो आणि आपण देतो, म्हणून मोठेपणा आपल्याकडे राहतो. या मुली काही मागत नव्हत्या. त्या द्यायला निघाल्या होत्या आणि ते कुणाला नको होतं. मला वाटतं लोकांना राग त्याचाच यायचा. माझाही तोच होता.

डिसेंबरात मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तुमचं धर्माचं पुस्तक चाळलं, चर्चमध्ये एकदा येऊन गाणी ऐकली, तुम्ही मला आवडता, पण मी धर्म बदलणार नाही. आत्ताही नाही, पुढेही नाही. यूटावालीनं वही बंद केली. आयडाहोवालीचा चेहरा पडला. मग तिनंच समजावलं, की मग आम्हाला वारंवार येता येणार नाही, वेळ इतरांसाठी ठेवावा लागतो. मी म्हटलं, बरोबर आहे. दार लावलं आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. सहा महिन्यांत माझ्या घराची बेल कचऱ्याच्या गाडीची आठवण करायला येणारी शेजारीण सोडली तर याच दोघींनी वाजवली होती. हे मला त्या वेळी अजिबात कबूल करायचं नव्हतं.

तीन दिवसांनी तिचा मेसेज आला. 'घरात काही काम आहे का? आम्हाला सेवेचेही तास असतात.'

म्हणजे धडे देण्याखेरीज आठवड्यातला काही वेळ लोकांची कामं करण्यात घालवायचा, कुणाचं सामान उचल, कुणाची बाग साफ कर. मी घरभर पाहिलं. दोन खोल्यांचं घर, दोन माणसं. काम कुठून आणायचं? शेवटी बाजारातून दोन किलो मटारच्या शेंगा आणल्या. सोललेले मटार शेजारीच मिळत होते, थोडे महाग, पण मिळत होते. गुरुवारी दुपारी तीनला दोघी आल्या, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या आणि शेंगा सोलल्या. पुढच्या गुरुवारी लसूण. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा लसूण. नवऱ्यानं फ्रीज उघडला आणि विचारलं, "आपण खाणावळ काढतोय का?" मी सांगितलं, सोललेला असला की बरं पडतं.

सोलताना माणूस खोटं फार वेळ बोलू शकत नाही. हात गुंतलेले, नजर खाली. यूटावालीची बदली झाली होती आणि तिच्या जागी काओश्युंगची तैवानी मुलगी आली होती. ती लसूण सुरीच्या पात्यानं एका दणक्यात फोडायची आणि आम्हा दोघींच्या नखांना हसायची. तिच्या घरी तिच्या या निर्णयावरून वर्षभर अबोला होता. आजोबांच्या पूजेत ती उदबत्ती लावत नाही, यावरून. हे तिनं पाकळी सोलता सोलता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. आयडाहोवालीला ते सगळं चिनी कळलं की नाही, ठाऊक नाही. तिनं फक्त स्वतःच्या ढिगातल्या सोललेल्या पाकळ्या उचलून तिच्या वाटीत टाकल्या.

त्या डिसेंबरात आणखी एक झालं. सॉल्ट लेकहून हुकूम आला, की मुलींनी रोजच्या कामात पँट घातली तरी चालेल. पुढच्या गुरुवारी दोघी पायघोळ काळ्या पँटमध्ये आल्या आणि जिन्यातूनच ओरडत आल्या. ती कागदाची क्लिप तिनं समारंभपूर्वक माझ्या फ्रीजवर लावून टाकली. मी त्यांना आईचा फोटो दाखवला: १९८६, नगर, लेडीज सायकल, मागच्या चाकाला साडी गार्ड, आईचा पदर खोचलेला, पुढच्या टोपलीत तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. आयडाहोवाली त्या चाकावरच्या जाळीकडे खूप वेळ बघत राहिली. आमच्याकडे हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही, म्हणाली.

जानेवारीतल्या एका पी-डेला आम्ही तिघी सायकली घेऊन नानल्याओच्या बंदरावर गेलो. तिनं समुद्र असा पहिल्यांदाच पाहिला. आयडाहोला समुद्र नाही. विमानातून दिसला तो निळा कागद होता, ती म्हणाली, याला आवाज आहे. मिशनवर असताना पोहायला बंदी असते. चपला काढून पायही बुडवू का, यावर दोघींची चिनीत बरीच वाटाघाट झाली. शेवटी ती पाण्यापासून हातभर अलीकडे उभी राहिली. एक लाट जरा लांब आली आणि बूट भिजवून गेली. ती मागे सरली नाही. "मी गेले नाही पाण्यात," काओश्युंगवालीकडे वळून ती म्हणाली, "पाणीच आलं."

घरच्यांशी बोलण्याचा नियम तेव्हा असा होता: वर्षातून दोनदा फोन, नाताळला आणि मातृदिनाला. बाकी आठवड्याला ईमेल. नाताळला ती बोलली होती. चाळीस मिनिटांतली वीस आई रडत होती, म्हणे. मग २०१९ च्या फेब्रुवारीत नियम बदलला. आता दर आठवड्याला, पी-डेला, हवं तर व्हिडिओवर बोला. मला वाटलं पोरगी नाचेल. ती लसूण सोलत गप्प बसून राहिली. तिच्याकडची रविवारची संध्याकाळ म्हणजे इथली सोमवारची सकाळ, पंधरा तासांचा फरक. पहिला कॉल झाल्यावरच्या गुरुवारी मी विचारलं, मग? काय म्हणाली आई?

"पत्रात मी ठीक असायचे," ती म्हणाली. "आता चेहरा दिसतो."

मी काही बोलले नाही. दर रविवारी मी नगरला व्हिडिओ कॉल करायचे. त्याआधी केस विंचरायचे, टिकली लावायचे, मागे धुतलेले पडदे दिसतील अशी खुर्ची ठेवायचे आणि भाषेच्या वर्गात मैत्रिणी किती झाल्यात ते सांगायचे. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, खुर्चीची कल्पना चांगली आहे. पुढच्या वेळी तिनं मागे तैवानचा मोठा नकाशा लावला, म्हणजे आई तिच्याऐवजी त्याबद्दल विचारेल.

मार्चात तिची बदली आली. शनिवारी रात्री कळलं, मंगळवारी निघायचं होतं, पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावी. साडेचार महिने एका ठिकाणी म्हणजे त्यांच्यात बरेच. शिंचूचं रेल्वे स्टेशन १९१३ चं, जपानी काळातलं, घड्याळाच्या मनोऱ्याचं. मी तिथे पोचवायला गेले. दोन सुटकेसा आणि पाठीला बॅग. सायकल ती मागेच ठेवून जाणार होती, नव्या मुलीसाठी. मी तिला लसणाच्या चटणीची बाटली दिली, तिनंच सोललेल्या लसणाची. तिच्या शून्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. गाडी वेळेवर होती. तिथल्या गाड्या असतातच.

दोन गुरुवार बेल वाजली नाही. मी मटार आणले नाहीत, मोसमही संपत आला होता. तिसऱ्या गुरुवारी तीनला वाजली. दारात काओश्युंगवाली आणि तिच्या शेजारी एक ठेंगणी, गालांवर वांग असलेली मुलगी, हेल्मेट काखेत. खाली तीच सायकल उभी होती, सीट चार बोटं खाली केलेली. नव्या मुलीच्या हातात फोन होता. त्यात त्यांची एक नोंदवही असते. कोण कुठे राहतं, काय बोलणं झालं, पुढे काय करायचं, हे जाणारी लिहून ठेवते म्हणजे येणारीला माहीत होतं. माझ्या नावापुढे काय लिहिलंय, मी विचारलं. ठेंगणीनं सोबतीणीकडे पाहिलं. तिनं हसून मान डोलावली, तेव्हा तिनं अडखळत वाचून दाखवलं:

"बाप्तिस्म्यात रस नाही. गवती चहा छान करते. गुरुवारी तीन वाजता काम असतं. नसलं तर ती शोधते, पाच मिनिटं थांबा."

मी त्यांना बसा म्हटलं आणि आत लसणाच्या गड्ड्या शोधायला गेले.